‘हॅव’चा वर्तमानकाळ

‘आय हॅव पेड द बिल यस्टर्डे.’ महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमधून असे वाक्य रोज लिहिले जाते. लिहिणाऱ्याचे इंग्रजी कच्चे असते असे नाही. स्पेलिंग बरोबर असते, शब्दही नेमके असतात. तरी ज्याची मायबोली इंग्रजी आहे त्याच्या कानाला ते खटकते, आणि का खटकते हे विचारले तर त्यालाही चटकन सांगता येत नाही. आपल्याला ते का खटकत नाही याचे कारण मात्र स्वच्छ आहे. ‘मी कालच बिल भरले आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, आणि वरचे इंग्रजी वाक्य म्हणजे त्याची शब्दशः छाया. म्हणून ही चूक समजून घ्यायची तर इंग्रजीबरोबर आपली मराठीही उलगडून पाहावी लागते. इंग्रजीतल्या ‘हॅव’ अधिक तिसरे रूप या रचनेचे, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळाचे, विवेचन मी त्याच वाटेने करणार आहे.

शाळेत या काळाची जी व्याख्या पाठ करून घेतात ती अशी: नुकतीच पूर्ण झालेली क्रिया दाखवण्यासाठी हा काळ वापरतात. ही व्याख्या चुकीची आहे, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ तीच आहे. ‘तो पाच मिनिटांपूर्वी गेला’ ही क्रिया अगदी नुकतीच घडली, पण इंग्रजीत ‘ही लेफ्ट फाइव्ह मिनिट्स अगो’ असा साधा भूतकाळच येतो. तिथे ‘हॅज’ चालत नाही. उलट एखाद्याने चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना टॉलस्टॉयची एखादी कादंबरी वाचलेली असते आणि आज तो ‘आय हॅव रेड दॅट नॉव्हेल’ असे अगदी बिनचूक म्हणतो. काळाची जवळीक हा निकषच नाही. निकष दुसराच आहे, आणि तो ‘हॅव’ या शब्दातच दिसतो. ‘हॅव’ हे वर्तमानकाळाचे रूप आहे. ‘पूर्ण वर्तमान’ हे आपल्या व्याकरणकारांनी वापरलेले नाव त्या दृष्टीने अगदी योग्य आहे. क्रिया पूर्ण, काळ वर्तमान. आपण शिकवताना त्यातले ‘पूर्ण’ तेवढे उचलतो आणि ‘वर्तमान’ विसरतो.

रचनेचा इतिहास

जुन्या इंग्रजीत ही रचना मालकीची होती. ‘माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेले’ असा तिचा मूळ अर्थ. ‘लिहिलेले’ हे धातुसाधित तेव्हा पत्राचे विशेषण असे आणि पुष्कळदा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतही असे. पुढे शब्दांचा क्रम बदलला, विशेषण क्रियापदाला जाऊन चिकटले आणि मालकीचा अर्थ विरला. आजच्या इंग्रजीतही दोन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसतात. ‘आय हॅव द लेटर रिटन’ म्हणजे पत्र लिहून तयार आहे. ‘आय हॅव रिटन द लेटर’ म्हणजे मी पत्र लिहिले आहे.

जाणे, येणे, होणे अशा क्रियापदांना पूर्वी ‘हॅव’ लागत नसे, ‘बी’ लागे. जर्मन आणि फ्रेंचमध्ये हा भेद अजून टिकून आहे. इंग्रजीत तो जवळजवळ गेला, पण जुन्या धाटणीच्या भाषेत कधी कधी डोके वर काढतो. अणुबॉम्बच्या चाचणीची आठवण सांगताना रॉबर्ट ओपेनहायमर यांनी 1965 मध्ये दूरचित्रवाणीवर गीतेच्या अकराव्या अध्यायातले भगवंतांचे वचन इंग्रजीत उच्चारले, तेव्हा ‘मी मृत्यू झालो आहे’ या अर्थाच्या वाक्यात त्यांनी ‘हॅव’ऐवजी ‘ॲम’ वापरला. अनेकांना तो व्याकरणाचा दोष वाटतो. ती प्राचीन आणि शुद्ध रचना आहे.

मराठीने वेगळी वाट धरली. संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’ असे कर्मणी धातुसाधित भूतकाळाचे काम करू लागले. प्राकृतात त्याला ‘इल्ल’ प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून आपले ‘लिहिले’, ‘केले’, ‘गेला’ आले. ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, ते या जुन्या विशेषणपणाची खूण म्हणून. म्हणजे इंग्रजीने धातुसाधिताला ‘हॅव’चा टेकू दिला, तर मराठीने धातुसाधितालाच भूतकाळ केले आणि नंतर त्यापुढे ‘आहे’ आणि ‘होता’ लावून आणखी दोन रूपे घडवली. पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

तीन बिंदू

1947 मध्ये हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात काळांची एक मांडणी केली. तिच्याशिवाय आजही या विषयाची चर्चा होत नाही. प्रत्येक वाक्यात तीन बिंदू असतात असे तो म्हणतो: घटना घडली तो क्षण, आपण बोलतो तो क्षण, आणि ज्या क्षणावर उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो तिसरा. याला दृष्टिक्षण म्हणू. ‘आय पेड’ या साध्या भूतकाळात दृष्टिक्षण घटनेपाशी असतो. बोलणारा मनाने कालच्या दिवसात जाऊन उभा राहतो. ‘आय हॅव पेड’मध्ये घटना मागेच असते, पण दृष्टिक्षण बोलण्याच्या क्षणापाशी असतो. ‘आय हॅड पेड’मध्ये दृष्टिक्षण भूतकाळातच असतो आणि घटना त्याच्याही मागे.

आता ‘यस्टर्डे’ का चालत नाही ते कळते. इंग्रजीत असे कालवाचक क्रियाविशेषण सर्वसाधारणपणे दृष्टिक्षणाला लागते. ‘हॅव पेड’चा दृष्टिक्षण आज, आत्ता आहे, आणि ‘यस्टर्डे’ त्याला कालमध्ये खेचू पाहतो. ही ओढाताण इंग्रजी भाषा सहन करत नाही. हे स्पष्टीकरण सुटसुटीत असले तरी अखेरचे नाही. वोल्फगांग क्लाइन यांनी 1992 मध्ये या एका प्रश्नावर निबंध लिहिला आणि त्याच्या नावातच त्याला कोडे म्हटले. जर्मनमध्ये तशाच घडणीचे रूप ‘काल’ या शब्दाबरोबर खुशाल येते, मग इंग्रजीतच हा मज्जाव का, हे ते कोडे. मराठीही या बाबतीत जर्मनच्या बाजूची आहे.

भूतकाळाचे असे विभाग करण्याची कल्पना आपल्याला नवखी नाही. पाणिनीने भूतकाळासाठी तीन लकार सांगितले. आजचा नसलेला, म्हणजे अनद्यतन, भूतकाळ लङ्चा. अनद्यतन असून बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेला लिट्चा. आणि सर्वसाधारण भूतकाळ लुङ्चा, ज्यात आजची घटनाही येते. ‘आज’ची कुंपणरेषा व्याकरणाला महत्त्वाची वाटू शकते हे त्याने फार पूर्वी ओळखले होते. इंग्रजीतही ‘आज’ला असेच वजन आहे, फक्त तिचे कुंपण हलते. ‘आय हॅव रेड द पेपर धिस मॉर्निंग’ हे सकाळी अकराला बोलता येते, कारण सकाळ अजून चालू आहे. तीच व्यक्ती संध्याकाळी ‘आय रेड द पेपर धिस मॉर्निंग’ म्हणेल. सकाळ संपली, दार बंद झाले. ‘धिस वीक’, ‘धिस इयर’, ‘सो फार’ यांचे तसेच. काळाचा तुकडा आत्तापर्यंत पोचत असेल तर ‘हॅव’, आधीच तुटला असेल तर साधा भूतकाळ.

अर्थाचे चार धागे

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉली यांनी 1971 मध्ये या रूपाचे चार अर्थ वेगळे केले. क्रियेचा परिणाम अजून उभा असणे. आयुष्यात कधीतरी तो अनुभव आलेला असणे. एखादी स्थिती मागून आजपर्यंत अखंड चालत येणे. आणि ताजी बातमी.

ताज्या बातमीबद्दल फार सांगायला नको. इंग्रजी वार्तापत्रात पहिले वाक्य ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’ असे येते आणि लगेच तपशिलात निवेदक साध्या भूतकाळात उतरतो: त्यांनी पत्र कधी दिले, कुणाला दिले. मराठी बातमीतही ‘राजीनामा दिला आहे’ आणि मग ‘काल रात्री त्यांनी पत्र सुपूर्द केले’ असाच क्रम असतो.

परिणामाचा धागा सर्वांत महत्त्वाचा. ‘आय हॅव लॉस्ट माय अम्ब्रेला’ म्हणजे छत्री अजून सापडलेली नाही. ‘आय लॉस्ट माय अम्ब्रेला’ यात ती सापडली की नाही याबद्दल भाषा मौन पाळते. आता मराठीकडे पाहा. ‘माझी छत्री हरवली’, ‘माझी छत्री हरवली आहे’, ‘माझी छत्री हरवली होती’. पहिल्या दोन वाक्यांत छत्री गायब आहे. तिसरे वाक्य ऐकताच समोरचा विचारतो, ‘मग, सापडली का?’ किंवा सापडली असे धरूनच चालतो. ‘होती’ या एका शब्दाने परिणाम मिटल्याचे सुचवले. इंग्रजीतल्या दोन रूपांसमोर मराठीची तीन रूपे उभी आहेत, आणि त्यांच्या सीमारेषा एकमेकींवर बसत नाहीत. माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजी काळाचे सारे दुखणे या एका छत्रीत सापडते.

मराठी विचारते: झालेल्या गोष्टीचा परिणाम शिल्लक आहे का? असेल तर ‘आहे’, पुसला गेला असेल तर ‘होता’, आणि नुसते ‘-ला’ रूप दोन्हीकडे वावरते. ‘भूक लागली’, ‘मला कळले’, ‘पाऊस आला’ ही रूपाने भूतकाळी वाक्ये अर्थाने आत्ताचीच आहेत. ‘चल रे’ म्हटल्यावर आतून ‘आलो!’ असे उत्तर येते तेव्हा माणूस खुर्चीतून उठलेलाही नसतो. परिणाम शिल्लक आहे एवढे कळले की मराठी पुढे अडवत नाही. घटना काल घडली की परवा, हे त्याच वाक्यात सांगायला तिची मुभा आहे. इंग्रजीही परिणामाबद्दल विचारते, पण तिची आणखी एक अट आहे: घटनेची तारीख सांगायची नाही. ‘हॅव’ने घटनेला वर्तमानात आणायचे, किंवा तारीख देऊन तिला भूतकाळात ठेवायचे, दोन्ही एका वाक्यात नाही. म्हणून कचेरीतले ते वाक्य दोन तुकड्यांत लिहावे लागते. ‘आय पेड द बिल ऑन ट्वेल्थ जून. आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द रिसीट.’ पहिल्यात तारीख आहे म्हणून साधा भूतकाळ. दुसऱ्यात पावती अजून आलेली नाही, म्हणून ‘हॅव’. हे जोडवाक्य ज्याच्या हाताला वळले त्याला या काळाचा निम्मा भाग आला.

जाण्यायेण्याच्या क्रियापदात हा परिणाम आणखी बारीक होतो. ‘ही हॅज गॉन टु गोवा’ म्हणजे तो गोव्याला गेला आहे, इथे नाही. ‘ही हॅज बीन टु गोवा’ म्हणजे तो गोव्याला जाऊन आला आहे. आपण ‘जाऊन आला’ म्हणतो तिथे इंग्रज ‘बीन’ म्हणतो. ही जोडी ज्याने लक्षात ठेवली तो पुन्हा चुकत नाही.

अनुभवाच्या धाग्यात दोन्ही भाषा बऱ्याच जवळ येतात. ‘कधी हंपीला गेलायस का?’ आणि ‘हॅव यू एव्हर बीन टु हंपी?’ यांचे मर्म एकच. आयुष्य ही चालू मुदत धरलेली आहे आणि त्या मुदतीत केव्हातरी ही गोष्ट घडली का, एवढाच प्रश्न आहे. यातून एक विलक्षण नियम निघतो: अनुभव घेणारा हयात हवा, किंवा निदान ती मुदत उघडी हवी. लोकमान्य टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांच्याबद्दल आज ‘टिळक हॅज लिव्ह्ड इन मंडाले’ म्हणता येत नाही. ‘लिव्ह्ड’ म्हणावे लागते. पण मंडाले शहराला कर्ता केले की ‘मंडाले हॅज सीन मेनी प्रिझनर्स’ हे वाक्य लगेच बसते, कारण शहर अजून आहे. मराठीतही ‘टिळक मंडालेला राहिले आहेत’ विचित्र वाटते, ‘राहिले होते’ बरोबर वाटते. मुदत म्हणजे आयुष्यच असते असेही नाही. सुनील गावसकर कसोटी खेळत होते तोवर त्यांच्या शतकांबद्दल ‘ही हॅज स्कोअर्ड’ म्हणणे स्वाभाविक होते. 1987 मध्ये कसोटी कारकीर्द संपली आणि 34 हा आकडा गोठला. त्यानंतर समालोचक ‘ही स्कोअर्ड थर्टी-फोर’ म्हणू लागतो. माणूस तोच, वही बंद झाली.

एका ठिकाणी मराठी या नियमातून सहज निसटते. ‘तुकारामांनी म्हटले आहे’, ‘ज्ञानेश्वरांनी सांगितले आहे’ असे आपण निःशंक लिहितो. संत देहाने नाहीत, पण वचन ग्रंथात आहे आणि ‘आहे’ त्या वचनाचे आहे. इंग्रजीत अशा जागी बहुधा सरळ वर्तमानकाळ येतो: ‘तुकाराम सेज’. मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे वाचताना जागोजागी ‘हॅज सेड’ दिसते ते या सवयीमुळे. ते अगदी अशुद्ध म्हणता येणार नाही, पण परके वाटते.

चालत आलेले

उरलेला धागा अखंडतेचा, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की ते भारतीय इंग्रजीची ओळखच झाले आहे. त्यात मराठीच्या दोन छाया आहेत. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात क्रियापद वर्तमानकाळी आहे. राहणे आजही चालू आहे, तर वर्तमान का नको, हा मराठीचा विचार. जर्मन आणि फ्रेंचही इथे वर्तमानच वापरतात. दुसरी छाया ‘पासून’ची. आपण ‘2015 पासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत आरंभबिंदू सांगायचा तर ‘सिन्स’ आणि लांबी सांगायची तर ‘फॉर’. बरोबर वाक्य ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स’.

‘हॅव’ गळून ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स’ झाले की अर्थ उलटतो: दहा वर्षे राहिलो, आता राहत नाही. मुलाखतीत ‘आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणणारा उमेदवार नकळत आपण नोकरी सोडल्याचे सांगून बसतो.

या अर्थासाठी मराठीत रूपच नाही असे पुष्कळजण समजतात, पण ते खरे नाही. ‘मी गेली वीस वर्षे हे वर्तमानपत्र वाचत आलो आहे.’ ‘ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.’ यातल्या ‘-त आलो आहे’ने नेमके तेच केले जे ‘हॅव बीन रीडिंग’ करते: क्रिया मागून निघाली आणि आत्तापर्यंत येऊन पोचली. ‘येणे’ हे क्रियापद इथे काळातला प्रवास दाखवते, आणि ‘आहे’ मुक्कामाचे ठिकाण. बोलीत आपण ते सरसकट वापरत नाही. ‘पुण्यात राहत आलो आहे’ जरा भारदस्त वाटते. पण वर्गात शिकवायला याहून चांगले साधन नाही.

‘हॅव बीन’मध्ये क्रिया संपलेलीही असू शकते, खूण मात्र मागे राहते. खिडकी उघडली, रस्ता ओला दिसला, आभाळ मोकळे आहे: ‘इट हॅज बीन रेनिंग’. मराठी म्हणेल, ‘पाऊस पडून गेलाय.’ डोळ्यांसमोर खूण आहे म्हणून दोन्ही भाषांत काळ वर्तमान आहे.

‘हॅड’चा मोह

छत्रीचे तिसरे वाक्य मनात ठेवले तर मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘हॅड’ इतका का पिकतो तेही उमगते. ‘मी मागच्या आठवड्यात मुंबईला गेलो होतो’ यात ‘होतो’चा अर्थ एवढाच की गेलो आणि परतलो. त्याचे ‘आय हॅड गॉन टु मुंबई लास्ट वीक’ केले की इंग्रजी वाचक थांबतो आणि पुढच्या वाक्याची वाट पाहतो: कशाच्या आधी गेला होतात? इंग्रजी ‘हॅड’ला भूतकाळातला दुसरा टप्पा लागतो. ‘ती आली तेव्हा मी मुंबईला गेलो होतो’ असा टप्पा असेल तर ‘हॅड गॉन’ योग्य. तो नसेल तर ‘आय वेंट’ पुरे. मराठी ‘होतो’ परिणाम पुसल्याचे सांगतो, इंग्रजी ‘हॅड’ घटनांचा क्रम लावतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या क्लासच्या नोट्सपर्यंत ‘गेलो होतो’समोर ‘हॅड गॉन’ मांडण्याची जी सवय लागली, तिने हा भेद झाकून टाकला.

राहिली उच्चाराची बाब. बोलताना इंग्रज ‘आय हॅव’ असे क्वचितच म्हणतो. ‘आय्व्ह’ म्हणतो, आणि ‘ही हॅज’चे ‘हीज’ होते, जे ‘ही इज’सारखेच ऐकू येते. पुढचे क्रियापद ‘गॉन’ आहे की ‘गोइंग’, यावरूनच ते ओळखायचे. अमेरिकेत तर ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो. ‘डिड यू ईट येट?’ हा तिथला रोजचा प्रश्न आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले हे ऐकत वाढतात, आणि इथल्या पुस्तकावर वाढलेल्या आजीआजोबांना ते चुकल्यासारखे वाटते. मुले चुकत नाहीत. पण ‘हॅव’बरोबर ‘यस्टर्डे’ मात्र अमेरिकेतही बसत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया’ ही व्याख्या फळ्यावरून पुसा. तिच्या जागी मुलांना छत्रीची तीन वाक्ये द्या आणि प्रत्येक वाक्यानंतर छत्री कुठे आहे ते विचारा. उत्तर त्यांना ठाऊक असते, कारण ते त्यांच्या मराठीतच आहे. मग त्याच छत्रीबद्दल इंग्रजीत बोलायला लावा, आणि ‘काल’ हा शब्द आला की ‘हॅव’ काढायला सांगा. आठवीच्या वर्गाला हे समजायला दोन तासिका पुरतात.